चुलीतला विळा आणि लोहाऱ्याचा दगड

मागे चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेत धातूंचा पाठ चालू असताना आठवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, गंजलेला विळा चुलीत टाकला तर गंजाचं परत लोखंड होते का?" फळ्यावर आम्ही नुकतेच लिहिले होते की लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवले की लोखंड मिळते. गंज म्हणजे पाणी धरून बसलेले फेरिक ऑक्साइड, म्हणजे जवळजवळ लोहखनिजच. चुलीत कोळसा आहे, उष्णताही आहे. मग अडले कुठे?

आम्ही उत्तर दिले, "चुलीचे तापमान पुरत नाही." मुलीचे समाधान झालेले दिसले. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी लोहारकाम होते. तो म्हणाला, "आमच्या भट्टीत फाळ लालभडक होते, सर. तरी त्याच्यावरून काळे पापुद्रेच निघतात." तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि आमची सुटका झाली.

मुलाचे म्हणणे बरोबर होते आणि आमचे उत्तर चूक होते. लोहाराच्या भट्टीत तापलेल्या लोखंडावरून हातोड्याच्या घावासरशी जे काळे पापुद्रे गळतात ते लोहाचे ऑक्साइडच असते. म्हणजे तेथे कोळसा आहे, तापमान हजार अंशांच्या आसपास आहे आणि तरीही खनिजाचे लोखंड होण्याऐवजी लोखंडाचे खनिज होते आहे! याच जिल्ह्यात, याच लोणारी कोळशावर, मातीच्या भट्ट्यांतून पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे लोखंड केले गेले. एकाच कोळशाने एकीकडे लोखंड होते आणि दुसरीकडे गंज. असे का व्हावे, हे समजून घेताना रसायनशास्त्रातील एका महत्त्वाच्या कल्पनेशी आपली नीट ओळख होते. ती कल्पना म्हणजे युग्मित अभिक्रिया, साध्या शब्दांत जोडीने घडणाऱ्या अभिक्रिया.

चढ आणि उतार

लोखंड गंजते, ते आपोआप. गंजाचे लोखंड आपोआप होत नाही. आपोआप घडणाऱ्या बदलांना उत्स्फूर्त बदल म्हणतात. एखादा बदल उत्स्फूर्त आहे की नाही हे ठरवण्याचे माप म्हणजे मुक्त ऊर्जा. ठरावीक तापमानाला आणि दाबाला मुक्त ऊर्जा कमी होत असेल तर बदल उत्स्फूर्त, वाढत असेल तर नाही. पाणी उताराने वाहते तसेच हे. फक्त येथील उतार डोळ्यांना दिसत नाही, तो कोष्टकांतून वाचावा लागतो.

कोष्टकातील आकडे घेऊन हिशेब करू. तापमान २५ अंश सेल्सिअस धरू.

२ फेरिक ऑक्साइड → ४ लोह + ३ ऑक्सिजन; मुक्त ऊर्जेतील बदल +१४८४ किलोज्यूल

हा सरळ उभा चढ झाला. तापमान वाढवत नेले तर चढ कमी होतो, कारण मोकळा होणारा ऑक्सिजन वायू अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढवतो. पण नुसत्या उष्णतेने ऑक्सिजन सुटायला ढोबळ हिशेबाने अडीच हजार अंशांच्याही वर जावे लागेल. अशी भट्टी कोणी बांधली नाही आणि बांधली तर तिच्या भिंतीच वितळतील. आता दुसरी अभिक्रिया पाहा.

३ कार्बन + ३ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड. मुक्त ऊर्जेतील बदल −११८३ किलोज्यूल

हा उतार. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी कटतो आणि उरते:

२ फेरिक ऑक्साइड + ३ कार्बन → ४ लोह + ३ कार्बन डायऑक्साइड. मुक्त ऊर्जेतील बदल +३०१ किलोज्यूल

१४८४ चा चढ ३०१ वर आला, पण अजून चढच आहे. म्हणूनच कोळशाच्या पोत्यात ठेवलेला गंजका खिळा वर्षानुवर्षे गंजकाच राहतो. मात्र हा उरलेला चढ उष्णतेच्या आवाक्यातला आहे. याच कोष्टकांतील आकड्यांवरून हिशेब केला तर सुमारे ५६५ अंशांना बदलाचे चिन्ह पालटते आणि त्यावर अभिक्रिया उत्स्फूर्त होते. साडेपाचशे-सहाशे अंश म्हणजे काही फार नव्हे. चुलीतला निखारासुद्धा त्याहून तप्त असतो.

बहुतेक पुस्तकांत विषय येथे संपतो: चढाच्या अभिक्रियेला त्याहून मोठ्या उताराची जोड द्या, बेरीज ऋण आली की काम झाले. आम्हीही बरीच वर्षे असेच शिकवत होतो. लोहाराच्या मुलाचा प्रश्न नेमका या बेरजेलाच छेद देतो. बेरीज ऋण आहे, तापमानही पुरेसे आहे, तरी विळ्याचे लोखंड होत नाही. मग बेरजेत काय राहिले?

बेरीज करणारा कोण?

राहिले ते हे, की कागदावर दोन समीकरणे मिळवल्याने ती निसर्गात जोडली जात नाहीत. दोन अभिक्रिया शेजारी-शेजारी घडणे म्हणजे युग्मन नव्हे. बर्नरवर परीक्षानळी धरली की नळीबाहेर इंधनाच्या कार्बनचे ज्वलन, म्हणजे तोच मोठा उतार, चालूच असतो. पण नळीतल्या फेरिक ऑक्साइडला त्याचा उपयोग फक्त गरम होण्यापुरता. उष्णता मिळणे वेगळे आणि जोड मिळणे वेगळे. जोड व्हायची तर दोन्ही अभिक्रियांत भाग घेणारा एखादा पदार्थ हवा. तो पहिलीतून बाहेर पडला पाहिजे आणि दुसरीत वापरला गेला पाहिजे. विहिरीवर मोटेचे बैल धावेवरून उतरतात आणि पाणी वर येते. पण बैल आणि मोट यांच्यामध्ये नाडा असतो म्हणून. नाडा तुटला तरी बैल उतार उतरतीलच, मोट मात्र विहिरीत राहील.

लोखंडाच्या भट्टीत हा नाडा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. दगड आणि कोळसा हे दोन घन पदार्थ एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात, त्या टेकलेल्या बिंदूंवरून कितीसे काम होणार? वायू मात्र खनिजाच्या भेगाभेगांत शिरतो. त्याचा हिशेब असा:

फेरिक ऑक्साइड + ३ कार्बन मोनॉक्साइड → २ लोह + ३ कार्बन डायऑक्साइड. मुक्त ऊर्जेतील बदल −२९ किलोज्यूल

हा बदल २५ अंशांनाही उताराचाच आहे, हे पाहून विद्यार्थ्यांना नवल वाटते. थंडीत तो घडत नाही याचे कारण वेगळे आहे: वेग नगण्य असतो. उतार असणे म्हणजे परवानगी, हमी नव्हे. खरा चढ आता दुसऱ्याच ठिकाणी आहे. वापरल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून पुन्हा मोनॉक्साइड तयार करायला हवा:

कार्बन डायऑक्साइड + कार्बन → २ कार्बन मोनॉक्साइड. मुक्त ऊर्जेतील बदल +१२० किलोज्यूल

याचे चिन्ह सुमारे ७०० अंशांना पालटते. हजार अंशांना तर समतोल इतका झुकतो की कोळशाच्या सान्निध्यात जवळजवळ सगळा वायू मोनॉक्साइडच असतो. (पहिल्या समीकरणाची दुप्पट आणि दुसऱ्याची तिप्पट मिळवून पाहा. मोनॉक्साइड कटून जातो आणि बेरीज पुन्हा तीच +३०१ येते. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा.)

आता मुख्य मुद्दा. फेरिक ऑक्साइडमधील ऑक्सिजन एकदम जात नाही. आधी मॅग्नेटाइट होते, मग फेरस ऑक्साइड आणि शेवटी लोह. शेवटची पायरी सर्वांत अवघड. हजार अंशांना फेरस ऑक्साइडचे लोह व्हायचे असेल तर मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड यांच्या मिश्रणात मोनॉक्साइडचा वाटा सुमारे सत्तर टक्के तरी हवा. त्याहून कमी झाला की तीच अभिक्रिया उलट्या दिशेने चालते आणि डायऑक्साइड लोखंडाचेच ऑक्साइड करू लागतो. म्हणजे भट्टीत नुसता मोनॉक्साइड असून भागत नाही, त्याचे प्रमाण राखले गेले पाहिजे. आणि ते राखायचे तर तयार होणारा प्रत्येक डायऑक्साइडचा रेणू लगेच तप्त कोळशाला भेटून पुन्हा मोनॉक्साइड झाला पाहिजे.

लोहाराची भट्टी उथळ असते. निखाऱ्यांचा थर वीतभर, भात्याची हवा भरपूर आणि वर मोकळे आकाश. तेथे ऑक्सिजन उरतो, मोनॉक्साइड निळसर ज्योतीने जळून जातो आणि मिश्रण डायऑक्साइडकडे झुकते. म्हणून फाळावर पापुद्रे धरतात. जाणता लोहार जोडकामाच्या वेळी लोखंड निखाऱ्यांच्या पोटात खोल दाबतो आणि भाता जपून चालवतो, तो याचसाठी. चुलीत तर लाकडांमधून हवा सतत खेळती असते. नाडा तेथे जुळतच नाही.

दगड वितळवणारी जुनी भट्टी उभी असते, माणसाच्या छातीपर्यंत किंवा त्याहून उंच. वरून कोळसा आणि खनिज यांचे थर देत जायचे आणि तळाशी मातीच्या नळीतून भात्याने हवा सोडायची. नळीच्या तोंडाशी कोळसा जळून डायऑक्साइड होतो. तो वर चढताना दोन-तीन हात तप्त कोळशातून जातो आणि मोनॉक्साइड होतो. त्याच्याही वर त्याची गाठ खनिजाशी पडते. भट्टीची उंची ही शोभेची बाब नाही. नाडा वळायला तेवढी लांबी लागते.

आमच्या वर्गातल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या उंचीत होते.

विदर्भातील भट्ट्या

विदर्भात ही विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीबरोबर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भातल्या कोणाला तरी हे अचूक ठाऊक होते की हवा किती सोडायची आणि कोळसा किती द्यायचा. मोनॉक्साइड हा शब्द ठाऊक नव्हता, एवढेच.

या भट्ट्यांचे तापमान अकराशे-बाराशे अंशांपर्यंत जाई. लोखंड वितळते १५३८ अंशांना. त्यामुळे लोखंड वाहून येत नसे. वितळलेली मळी खाली झरे आणि तिच्यात स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरे. तो तापवून, ठोकून, मळी पिळून काढावी लागे. बराचसा लोहांश मळीतच जाई. आणि कोळसा अमाप लागे. प्रत्येक भट्टीमागे जंगलाचा एक तुकडा उभा होता हे विसरून चालणार नाही. चांदा जिल्ह्यात खनिज आणि घनदाट जंगल दोन्ही जवळजवळ होती, म्हणून येथे हा धंदा टिकला.

येथील लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव या गावांच्या खनिजाची ख्याती एकोणिसाव्या शतकात पार सरकारदरबारी पोचली होती. (देऊळगाव आता गडचिरोलीत आहे. १९८२ पर्यंत दोन्ही जिल्हे एकच होते.) १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने अहवाल दिला की लोखंडाच्या कारखान्याच्या दृष्टीने लोहाऱ्याचे खनिज उत्तम जागी आहे. जवळच वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण १८७० च्या दशकात सुरू झालेली होती. हा अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, त्यामुळे हा मुलूख त्यांना परका नव्हता. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत नेऊन तपासून घेतला. निष्कर्ष आला: हा कोळसा चालणार नाही. शिवाय खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत बारगळला. पुढे १९०० नंतर टाटांच्या माणसांनी चांदा जिल्ह्यात पुन्हा शोध घेतला, पण कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला आणि तेथे १९११ च्या अखेरीस पहिले लोखंड निघाले.

वरोऱ्याच्या कोळशात कार्बन नव्हता का? होता. मुक्त ऊर्जेच्या बेरजेत त्याचा कार्बन आणि दुसऱ्या कोणत्याही कोळशाचा कार्बन यांत फरक पडत नाही. अडचण पुन्हा नाड्याचीच होती. आधुनिक झोतभट्टी कित्येक मजले उंच असते. तिच्यातील थरांचा सगळा भार पेलून धरील आणि तरीही वायूला वर जायला वाट ठेवील असा कठीण, सच्छिद्र कोक तेथे लागतो. सर्वच दगडी कोळशांचा असा कोक होत नाही. वर्धा खोऱ्यातील कोळसा तापवला तर त्याचा एकजीव कोक न होता भुगा होतो. भुग्याने भट्टी तुंबते, वायू फिरत नाही आणि मोनॉक्साइड खनिजापर्यंत पोचत नाही. रसायनशास्त्राची परवानगी असूनही एका जिल्ह्याचे भवितव्य कोळशाच्या ढेकळाच्या मजबुतीवर फिरले. आम्हाला ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उदाहरणापेक्षा जास्त शिकवणारी वाटते आणि ती चंद्रपूरच्या मुलांना कोणी सांगत नाही याचे वाईटही वाटते.

गोष्ट तेथे संपली नाही. पुढे लोखंड न वितळवताच त्यातील ऑक्सिजन काढून घेण्याची रीत रूढ झाली. आडव्या, किंचित कललेल्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यात खनिज आणि कोळसा सुमारे हजार अंशांना एकत्र फिरवतात. येथे कोणताही भार पेलायचा नसतो, त्यामुळे कोक न होणारा कोळसाही चालतो. मिळते ते स्पंज आयर्न, म्हणजे जुन्या भट्टीतल्या त्या सच्छिद्र गोळ्याचेच भावंड. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला असा कारखाना आहे आणि गडचिरोलीतील सुरजागडचे खनिज तेथे येते. (सुरजागडच्या डोंगरावरील खाणीला स्थानिक ग्रामसभांचा विरोध झाला. तो विषय मोठा आहे. तो या लेखात दोन ओळींत उरकणे योग्य होणार नाही.)

चंद्रपुरातच फेरो-मँगनीज तयार करणारा कारखाना आहे. पूर्वी तो महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट या नावाने ओळखला जाई, २०११ पासून तो स्टील ॲथॉरिटीचा भाग आहे. मँगनीज ऑक्सिजनला लोहापेक्षा घट्ट धरते. मँगनस ऑक्साइडपुढे मोनॉक्साइडचे काही चालत नाही, तेथे कार्बनलाच भिडावे लागते आणि चिन्ह पालटायला सुमारे १४०० अंश लागतात. म्हणून विजेच्या कमानीची भट्टी. कोणत्या धातूला किती तापमानाला कार्बन भारी पडतो हे एकाच आलेखात दाखवण्याची युक्ती एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये काढली. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तो आलेख असतो, पण मुले त्यातील रेषा पाठ करतात. रेषांच्या शेजारी घुग्घुस आणि चंद्रपूर लिहून पाहावे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. तापवल्याने घडणारी प्रत्येक गोष्ट युग्मित नसते. कोरपना-राजुरा भागात सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. तेथे कार्बन डायऑक्साइड सुटतो तो सुमारे नऊशे अंशांच्या उष्णतेमुळे. तेथील कोळसा फक्त जळतो आणि ताप देतो, चुनखडीशी त्याची रासायनिक जोडी नाही. कोळशाऐवजी वीज किंवा गॅस वापरला तरी चुना होईल. लोखंडाच्या भट्टीत कोळशाऐवजी नुसती वीज वापरली तर खनिज फक्त गरम होईल.

मोहाच्या फुलातील नाडा

हीच युक्ती सजीवांनी फार पूर्वी, आणि साध्या कोमट तापमानात, साधलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोहाची फुले वेचतात. त्यांत साखर भरपूर असते. भिजवलेली फुले ठेवली की यीस्ट ती आंबवते. (गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्याला रसायनशास्त्र आंबण्यापुरतेच हवे आहे.) यीस्टची पहिली कृती मजेशीर असते. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याआधी ती त्याला एक फॉस्फेट गट चिकटवते.

ग्लुकोज + फॉस्फेट → ग्लुकोज-६-फॉस्फेट + पाणी, +१३.८ किलोज्यूल

एटीपी + पाणी → एडीपी + फॉस्फेट, −३०.५ किलोज्यूल

बेरीज −१६.७. पहिल्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक आहे सुमारे ०.००४, जोडीचा सुमारे ८५०. दोन लाख पटींहून अधिक फरक! पण पुन्हा तोच प्रश्न: बेरीज कोण करतो? परीक्षानळीतील ग्लुकोजच्या द्रावणात एटीपी टाकले आणि त्याचे पाण्याने विघटन होऊ दिले तर द्रावण किंचित गरम होईल, ग्लुकोज जसेच्या तसे राहील. 'एटीपीचा बंध तुटून ऊर्जा बाहेर पडते आणि ती ऊर्जा दुसरी अभिक्रिया चालवते' हे पुस्तकांतून सर्रास आढळणारे वाक्य म्हणूनच दिशाभूल करते. ऊर्जा आधी बाहेर पडली तर ती उष्णता होऊन गेली, मग ती कोणाला चालवणार? यीस्टमध्ये हेक्सोकायनेज हे विकर दोघांनाही आपल्या खाचेत शेजारी धरते आणि फॉस्फेट एटीपीकडून थेट ग्लुकोजला देते. मध्ये पाण्याला फारसा शिरकाव मिळत नाही. वरची दोन समीकरणे ही हिशेबाची सोय आहे. प्रत्यक्षात त्यांतले एकही स्वतंत्रपणे घडत नाही.

भट्टीशी असलेले साम्य येथेच संपत नाही. भट्टीत सगळी करामत मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडच्या प्रमाणाची होती. पेशीत ती एटीपी आणि एडीपीच्या प्रमाणाची आहे. पेशीतले एटीपी समतोलापर्यंत पोचू दिले तर जवळजवळ सगळ्याचे एडीपी होईल. जिवंत पेशी हे प्रमाण समतोलापासून कोट्यवधी पट दूर राखते. त्यामुळे प्रत्यक्षात एटीपीमागे ३०.५ नव्हे, तर पन्नासेक किलोज्यूल उपलब्ध असतात. एटीपीच्या बंधात काही गूढ शक्ती नाही. कोळशाच्या थराने जसा डायऑक्साइड पुनःपुन्हा मोनॉक्साइड होतो, तसे आंबवण्याच्या अभिक्रियांनी एडीपी पुनःपुन्हा एटीपी होते. एका ग्लुकोजमागे यीस्ट दोन एटीपी खर्च करते आणि चार कमावते. ग्लुकोजचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होताना सुमारे २३५ किलोज्यूलचा उतार असतो. त्यांपैकी प्रमाण आकड्यांनी ६१ किलोज्यूल एटीपीत बांधले जातात, उरलेले बरेचसे उष्णता होऊन जातात. आंबणारे मडके हाताला कोमट लागते ते त्यामुळे.

वर्गात करून पाहण्यासाठी

लोहखनिज शाळेच्या बर्नरवर दाद देत नाही. तांब्याचे काळे ऑक्साइड देते, कारण कार्बनशी त्याची बेरीज २५ अंशांनाच ऋण (−१३५ किलोज्यूल) आहे, फक्त वेगासाठी तापवावे लागते. जाड काचेच्या दोन कोरड्या परीक्षानळ्या घ्या. एकीत नुसते कॉपर ऑक्साइड, दुसरीत कॉपर ऑक्साइड आणि तेवढ्याच आकारमानाची लोणारी कोळशाची बारीक पूड नीट खलून. दुसरीला बूच आणि वाकडी नळी लावून टोक चुन्याच्या निवळीत बुडवा. दोन्ही सारख्याच तापवा. पहिली काळीच राहील. दुसरीत मिश्रण लालसर होऊ लागेल आणि निवळी दुधाळ होईल. ज्योत काढण्याआधी नळीचे टोक निवळीतून बाहेर घ्या, नाहीतर पाणी मागे खेचले जाऊन काच तडकेल. खिडक्या उघड्या ठेवा, थोडा मोनॉक्साइडही सुटतो आणि तो विषारी असतो. मग मुलांना विचारा: बर्नरच्या ज्योतीत इंधन जळतच होते, मग त्याचा फायदा पहिल्या नळीला का झाला नाही?

आणि त्या मुलीच्या विळ्याचे काय? पुढच्या भेटीत आम्ही तिच्या वर्गात गंजाचा चुरा आणि कोळशाची पूड मिसळून एका पत्र्याच्या डबीत दाबून भरली, वर पुन्हा कोळशाचा जाड थर दिला, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाडले आणि डबी त्या मुलाच्या घरच्या भट्टीत लाल होईपर्यंत तासभर ठेवली. भोकाशी निळी ज्योत दिसत होती. डबी पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही, कारण तापलेले बारीक लोखंड हवा लागताच पुन्हा जळते. आतला तांबडा चुरा करडा-काळा झाला होता आणि चुंबकाला चिकटत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण चुंबकाला तर मॅग्नेटाइटही चिकटते. म्हणून चुऱ्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले. मॅग्नेटाइटमधून बुडबुडे येत नाहीत, लोखंडातून हायड्रोजनचे येतात. मधल्या चुऱ्यातून आले. कडेच्या, झाकणालगतच्या चुऱ्यातून आले नाहीत. का आले नाहीत, हे त्या मुलानेच सांगितले.